सेकंड शिफ्टनंतरची जपानी गाणी

होसोयासान परत गेले तेव्हा
चारशे टनी प्रेस नीट चालू झाली होती
आणि माझ्याकडे एक वही उरली होती :
हजेरीच्या रजिस्टरची कोरी पानं,
त्यांवर देवनागरीत जपानी गाणी.
'त्सु'च्या खाली मी लाल रेघ मारली आहे.
तो 'त्सु' इलियासभाईंना अजून जमत नाही.

वाळूजला रात्री बाराला शिफ्ट सुटते.
हाताला पत्र्याचा वास, कानात प्रेसचा ठोका,
आम्ही तिघं बजाजनगरात विश्वंभरच्या गच्चीवर चढतो,
पाण्याच्या टाकीला टेकून बसतो.
शेंगदाणे, हिरवी मिरची,
विश्वंभरला थोडी, इलियासभाईंना थर्मासातला चहा.
मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला
की बाजा बरा घुमतो.

ही गाणी पुरुषानं म्हणायची, होसोयासान सांगायचे,
आणि चाळिशीनंतर.
आधी म्हटली तर नुसती चाल येते.
गळा सरळ न्यायचा नाही,
शब्दाच्या शेवटी त्याला मुरड घालायची
करंजीच्या कडेसारखी.
करंजी माझी, त्यांची नाही.
त्यांनी हवेत स्क्रू पिळून दाखवला होता :
अर्धा फेरा, आणि थांब.

गाण्यात बंदर आहे. बर्फ आहे.
रात्रीची शेवटची बोट आहे.
समुद्र आम्ही एकदाच पाहिला, कंपनीच्या सहलीत,
तोही ओहोटीचा.
बर्फ म्हणजे गारा,
परतूरला एका फाल्गुनात आईनं परातीत वेचलेल्या,
आम्ही खायच्या आधीच विरघळलेल्या.
बोट म्हणजे जायकवाडीतला भोयाचा तराफा.
एवढ्या सामानावर आम्ही गातो.

इलियासभाई कंपनीची बस चालवतात.
लेकीच्या बिदाईला हा माणूस
मांडववाल्याचे बांबू मोजत उभा होता.
तिसऱ्या कडव्याला त्यांनी डोळ्यांवरून गमछा फिरवला,
म्हणाले, "मिरची लई तिखट निघाली."
मिरचीला त्यांनी हात लावला नव्हता.

अर्थ मला ठाऊक आहे.
होसोयासाननी तो कॅन्टीनमध्ये सांगितला होता,
मोडक्या हिंदीत, वरणात चमचा फिरवत.
गाणारा बाप्या, पण गाण्यातली 'मी' बाई :
बंदरावर खानावळ चालवणारी,
बोट गेल्यावरही
एक पेला जास्तीचा मांडणारी.
मला हसू आलंसं त्यांना वाटलं.
मला आठवले होते शेषेरावमामा,
सोसायटीचे चेअरमन, मिशीला पीळ,
सप्ताहात गवळण म्हणताना
'मी' म्हणजे राधाच म्हणायचे
आणि सकाळी पुन्हा गटसचिवावर ओरडायचे.

गच्चीवर हे मी एकदा सांगायला गेलो.
इलियासभाईंनी हात वर केला,
बस मागं घेताना क्लीनर करतो तसा.
"रहने दे रे.
मतलब मालूम पडा तो दूसरे का हो जाता."
विश्वंभर काहीच बोलला नाही.
त्यानं पातेलं थोडं सरकवलं,
गाणं पहिल्यापासून लावलं.

गेल्या महिन्यात आम्ही आमचं गाणं
रेकॉर्ड करून पाठवलं.
तिकडे पहाटेचे चार वाजले असतील.
चार दिवसांनी उत्तर आलं, तेरा सेकंदांचं.
आधी खोकला.
मग फक्त 'त्सु', तीनदा, सावकाश,
शाळेतल्या गुरुजींसारखा.
शेवटी बराच वेळ मागं कुठंतरी
पाणी उकळत होतं.

आता पहिल्या शिफ्टची बस एमआयडीसीच्या वळणावर येते
तेव्हा ड्रायव्हरच्या तोंडून
अधूनमधून बारीक आवाज येतो.
पुढच्या सीटवरच्या पोरांना वाटतं,
चाचांच्या दातात काहीतरी अडकलंय.